‘कॉन्स्टंट ॲन’ची पिलावळ

हॅरो,
१७ ऑक्टोबर १९७१

प्रिय श्रीकांत,

शालोम, नमस्कार, आणि सुप्रभावहिनींना विचारलंय म्हणून सांग. तुझं पत्र पोचलं. माझ्या तब्येतीबद्दल तू दरवेळी विचारतोस आणि मी दरवेळी ती ओळ गाळून पुढे वाचतो. तू डॉक्टर आहेस, तुला उत्तर दिलं तर तू उपाय सांगशील.

आता बातमी ऐक. तुझा मित्र योएल झिराडकर इंग्रजांची वंशावळ मोजायला बसलाय.

डेव्हनच्या किनाऱ्यावर सँडरकोम नावाचं चिमुकलं बंदर आहे. तिथून १६३२ साली ‘कॉन्स्टंट ॲन’ नावाचं जहाज साठेक माणसं भरून अमेरिकेला गेलं. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी दगावली. उरलेल्यांनी जंगल तोडलं, शेतं केली, गाव वसवलं. तिथे आधी राहणाऱ्यांना विचारलं होतं का, असं तू विचारशील. नव्हतं. इंग्रजांची ही खोड आपल्याला काही नवी नाही. तर पुढच्या मे महिन्यात त्या जाण्याला तीनशे चाळीस वर्षं होतात, म्हणून सँडरकोमकर धक्क्यावर एक दगडी पाटी बसवणार आहेत. तिच्यावर कोरायचंय की या जहाजातल्या लोकांचे आज इतके-इतके वंशज हयात आहेत. ते ‘इतके-इतके’ म्हणजे किती, हे कोणालाच ठाऊक नाही.

पाटी बसवणाऱ्या मंडळाच्या चिटणीस मिसेस टॉलर. त्यांचा भाचा आमच्या इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “मिस्टर झिराडकर, माणसं कधी मरणार याचे आकडे तुम्ही छान काढता. जिवंत किती असतील तेही काढाल का?” मी म्हटलं, गड्या, तू बरोबर दारात आलास. या कामाला सबंध विलायतेत माझ्याइतका लायक माणूस नाही. कारण मी स्वतःच एका जहाजाचा वंशज आहे.

तुला पाठ आहे, तरी सांगतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि आम्ही कोकणातले सगळे ज्यू, बेने इस्राएल, त्या सात जोडप्यांची लेकरं. चौदा माणसांची हजारो कशी होतात, हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. आणि लंडनमधल्या आपल्या कोकणी इस्राएलांची गणती गेली नऊ वर्षं मीच ठेवतोय. कुठे पाळणा हलला, कोण गेलं, सगळं तोंडपाठ. आजचा आकडा एकशे बारा. एकशे तेरा होता, पण तीन वर्षांपूर्वी ईवाने त्या इंग्रजाशी लग्न केलं, तेव्हा मी तो एकाने कमी केला. मुलगी माझी असली म्हणून नियम बदलत नाही. ती कुठे असते, काय करते, मला माहीत नाही, आणि तू त्यावर काही लिहू नकोस.

आकडा नाताळच्या आत देईन म्हणून कबूल केलंय. बघच तू.

तुझा
योएल


लेस्टर,
३१ ऑक्टोबर १९७१

प्रिय योएल,

स. न. वि. वि. पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. इंग्रजांनी दोनशे वर्षं आपली शिरगणती केली, आता एक झिराडकर त्यांची करतोय. फिटंफाट झाली म्हणायची.

तुमच्या सात जोडप्यांची गोष्ट मला पाठ नसून कशी चालेल? हॉस्टेलवर दर शनिवारी ऐकली आहे. तू दर खेपेला समुद्र जरा जास्त खवळलेला सांगायचास. इंटरच्या वर्षापर्यंत लाटा ताडामाडाएवढ्या झाल्या होत्या.

पण मला एक सांग. मी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करतो. परवा एका आजीबाईंना विचारलं, नातवंडं किती? म्हणाल्या, “डॉक्टर, मुलांची सात आहेत. मुलींची मी मोजलीच नाहीत, ती त्या-त्या घरची.” मग भेटीच्या वेळेला वॉर्डात गर्दी झाली ती सगळी मुलींच्या पोरांची. मुलांकडचं एक नव्हतं. तेव्हा तुझ्या त्या जहाजातल्या पोरी लग्न करून नाव बदलून दुसऱ्याच लोकांत गेल्या असतील, त्यांची पोरंबाळं तू धरतोस की नाही? मला गणित येत नाही, पण बाळंतपणं मी पुष्कळ पाहिली आहेत. बाई कोणाच्याही घरात गेली तरी वेणा तिलाच येतात.

बाकी ठीक. थंडी सुरू झाली. बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती माणसाने दुकान टाकलंय, तिथे आता पोहेसुद्धा मिळतात. सुप्रभाचं अर्धं आयुष्य सुखाचं झालं. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या घरी गव्हाच्या चिकाचा हलवा खाल्ला. नारळाच्या दुधातला, वर जायफळ. सुप्रभाने दोनदा मागून घेतला. तुझी आठवण आली.

तुझा
श्रीकांत


हॅरो,
६ डिसेंबर १९७१

प्रिय श्रीकांत,

आकडा निघाला! अकरा हजार. काल मिसेस टॉलरना कळवून टाकला. पाथरवटाशी त्यांचं बोलणं झालेलंच होतं, दगड आणून ठेवलाय, तो लगेच कामाला लागणार म्हणाल्या. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसून गेले दोन महिने रोज जाता-येता मी हेच करत होतो. समोरच्या बाकावरचे साहेब लोक शब्दकोडी सोडवायचे आणि मी त्यांच्या चुलत-मावस भावंडांना जन्माला घालायचो.

पद्धत तुला समजेल अशा बेताने सांगतो. तीनशे चाळीस वर्षं म्हणजे अकरा पिढ्या. जहाजातल्या वाचलेल्या माणसांची जोडपी जुळवली. दर जोडप्याला किती पोरं, त्यातली किती हाताशी आली, त्यांनी एकमेकांत लग्नं करून पुढे किती वाढवली, असं पिढीमागून पिढी उतरत आलो. आमची सात जोडपी जशी वाढली तसंच. वाढीचा वेगही आमच्या अनुभवावरूनच ताडून पाहिला.

तुझ्या आजीबाईंचं म्हणशील तर मुलींची पोरं मी धरली आहेत. मी काही इतका मागासलेला नाही. पण लग्नच ज्यांनी जहाजाबाहेर केलं त्यांना, मुलगा असो की मुलगी, पुढच्या पिढीत धरलेलं नाही. बाहेर गेलं ते गेलं. परातीबाहेर सांडलेलं पीठ आपण भाकरीत मोजतो का? आमच्याकडे तर पूर्वी बाहेरच्या बायकांपासून झालेल्यांना काळे इस्राएल म्हणत आणि त्यांची पंगत निराळी बसे. आम्ही गोरे. आता ते राहिलं नाही आणि ते चांगलं होतं असंही मी म्हणत नाही. तू नाकाने कांदे सोलायच्या आधी तुमच्या पोटजाती आठव. पण मोजायचं म्हटलं की कुठेतरी कुंपण घालावंच लागतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता दुसरं. आमच्याकडे नव्या वर्षाच्या हलव्यात सगळ्या घरी वेलची घालतात. जायफळ घालणारी मला एकच बाई माहीत होती, आणि माझ्या सिप्पोराला जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या हाताखाली तो हलवा शिकलेलं माणूसही एकच.

मी काही विचारत नाही. तू काही सांगू नकोस. फक्त एवढंच कळव, हलवा मऊ झाला होता की चिवट?

योएल


लेस्टर,
९ जानेवारी १९७२

प्रिय योएल,

मऊ होता. तोंडात घातला की विरघळत होता.

ईवाने मला अट घातली होती की पप्पांनी आपणहून विचारलं तरच सांगा. तू हलव्याबद्दल विचारलंस, तिच्याबद्दल नाही. पण मी ते पुरेसं धरतोय. नियमात थोडी पळवाट काढल्याशिवाय माणसं बरी होत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

ती इथे लेस्टरात आहे. आमच्या घरापासून बसने तीन स्टॉप. कॉलिन शाळेत भूगोल शिकवतो, मुलगा शांत आहे, जेवण झाल्यावर ताटं घासतो आणि त्याचा गाजावाजा करत नाही. शुक्रवारी ती दिवे लावते. भिंतीवर सिप्पोरावहिनींचा फोटो आहे आणि शेजारी तुझा, तो हॉस्टेलच्या गच्चीवरचा, ज्यात तू उगाच छाती काढून उभा आहेस. आणखी एक बातमी आहे, पण ती माझी नाही. ज्याची त्याने द्यावी.

आता मला बोलू दे, तुला राग आला तर येऊ दे. आठवतं, चौसष्ट साली तुझा धाकटा भाऊ शिमोन तिकडे इस्राएलात होता आणि लग्न ठरल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले? तुमच्या आज्या-पणज्या नक्की आपल्यातल्या होत्या कशावरून, असं विचारलं? त्या दिवशी तू इथे माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास. टेबलावर मूठ आपटून म्हणालास, “श्रीकांत, दोन हजार वर्षं आम्ही शनिवार पाळला आणि हे कोण आम्हाला मोजणारे?” तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. सुप्रभाने तुला चहा दिला, तो तसाच गार झाला.

मग आता तू कोण रे तिला मोजणारा? तिकडचे पंडित ते वाईट आणि तू केलंस तर तो नियम? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! पाण्यात काठी मारल्याने पाणी तुटत नसतं, योएल. तुझा हात मात्र दुखतो, आणि तो दुखतोय हे मला लेस्टरातून दिसतं.

झालं माझं बोलून. उत्तर दे.

तुझाच
श्रीकांत


हॅरो,
८ मार्च १९७२

श्रीकांत,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असंच मी ठरवलं होतं. शिमोनची गोष्ट तू काढायला नको होतीस. ती लागली, फार लागली. आठवडाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. खाणकामगारांच्या संपाने दिवे जात होते, काळोखात बसून मी तुला चोख उत्तरं देत होतो, आणि दिवे आले की त्यातलं एकही लिहावंसं वाटत नव्हतं.

मग मिसेस टॉलरचं पत्र आलं. म्हणतात, “प्रिय मिस्टर झिराडकर, आपल्या मेहनतीबद्दल आम्ही ऋणी आहोत. एक बारीकशी शंका. अमेरिकेतल्या वंशजांच्या मंडळाने कळवलंय की ‘कॉन्स्टंट ॲन’चे वंशज म्हणून त्यांच्याकडे आजच चौदा हजार सभासद नोंदलेले आहेत, प्रत्येकाने आपली वंशावळ दाखवलेली आहे. यातले तीन हजार चुकीने जन्मले असावेत का?” इंग्रज बाईने इतक्या गोडीने विचारलं की समजावं, आपली पुरती शोभा झाली.

अरे, अंदाजापेक्षा सभासदच जास्त! आणि सगळे काही मंडळात येत नाहीत. शंभरात एखादा येत असेल. तीस वर्षं मी आकड्यांच्या खुर्चीवर बसलोय, माझी बेरीज तपासायची कोणाची छाती झाली नाही. मी सगळं पुन्हा मांडलं. बेरीज बरोबर होती, गुणाकार बरोबर होते. चूक पहिल्याच ओळीत होती आणि ती चूक करायला बेने इस्राएलच व्हावं लागतं.

बघ, तुलाही कळेल. एका जोडप्याला चार पोरं आहेत. नवरा-बायको दोघंही जहाजातले असले, तर दोघांचे चार झाले. म्हणजे दुप्पट. पण बायको जहाजातली आणि नवरा बाहेरचा असला, तर एकीचे चार झाले! चौपट! बाहेर लग्न केलं की वंश आटत नाही, धावत सुटतो. आपसात लग्नं करणारे तेच-तेच पाणी एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात ओततात, ते आम्ही. त्या लोकांनी पहिल्या-दुसऱ्या पिढीतच शेजारच्या गावात सोयरिकी केल्या, मग त्याच्या पलीकडच्या, मग मागून आलेल्या जहाजांतल्या लोकांशी. आणि मी काय केलं? दर पिढीला चर्चच्या दारात उभा राहिलो, आणि कोणी बाहेरच्याशी लग्न करून आलं की त्याला आणि त्याच्या साऱ्या पोराबाळांना मोडीत काढलं. अकरा वेळा. मनात न आणता, हाताच्या सवयीने. लाखो माणसं मी अशी निकालात काढली, श्रीकांत. धडधाकट, जिवंत, कुठे ट्रक चालवणारी, कुठे शाळेत शिकवणारी.

खरा आकडा वीस लाखांच्या खाली नाही. पन्नास लाखही असेल, पण नेमकं सांगता येत नाही, कारण आकडा वाढत गेला की तीच माणसं चार-चार वाटांनी पुन्हा भेटायला लागतात आणि गुंता होतो. तरी वीस लाखांवर मी माझी नोकरी लावायला तयार आहे. या खेपेला खरोखर.

दुर्दैव असं की पाथरवट कामाला पक्का निघाला. त्याने ११ कोरून ठेवलेत. शून्यं बाकी होती म्हणून तेवढा थांबला. आता वीस लाख लिहायचे तर दगड नवा आणावा लागेल, आणि त्यांचा दगड म्हणे कॉर्नवॉलहून आलाय. मिसेस टॉलर विचारतायत, अकराने सुरू होणारा एखादा बरा आकडा आहे का.

राहिली तुझी गोष्ट. गणित वेगळं आणि घर वेगळं. एकातली चूक सापडली म्हणून दुसऱ्यातही चूक होती असं सिद्ध होत नाही. हे मी शांतपणे, पूर्ण विचार करून लिहितोय.

तिला थंडीत खोकला होतो. लहानपणापासूनचा आहे. तू छाती तपासलीस का?

योएल


लेस्टर,
१६ एप्रिल १९७२

डिअर पप्पा,

मी ईवा. मराठी लिहायला मला वेळ लागतो म्हणून सुप्रभाकाकी बाजूला बसली आहे. ती स्पेलिंग बघते, पण काय लिहायचं ते मी तिला सांगून ठेवलं आहे की माझं मीच लिहिणार.

मला बेबी झाली. मुलगी. दोन एप्रिलला, हॉस्पिटलमध्ये, सगळं ओके आहे. श्रीकांतकाका डिलिव्हरीला नव्हते, ते त्यांचा डिपार्टमेंट नाही, पण ते कॉरिडॉरमध्ये येऊन बसले आणि नर्सेसना त्रास दिला. तिचा नाव सिप्पोरा ठेवला. कॉलिनला म्हणायला जमतं आता. केस खूप आहेत आणि आवाज तुमच्यासारखा मोठा आहे.

मी सॉरी म्हणायला लिहीत नाही, पप्पा, कारण मी काही वाईट केलं नाही. तुमची आठवण रोज येते ते मात्र खरं आहे. मी पोहे किती भिजवायचे ते विचारायला लिहिते.

तीस एप्रिलला, संडेला, मला बेबीसाठी मलिदा करायचा आहे. मम्मी कसं करायची ते मला दिसतं डोळ्यासमोर. मोठी थाळी, पोहे, खोबरं, साखर, वरती फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या, आणि सगळे एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतात. पण ती मुठीने मोजायची आणि तिची मूठ माझ्याकडे नाही.

आणि आपल्याकडे त्याला आपल्यातलेच दहा पुरुष बसवतात ना? मी लंडनला फोन केले. गर्शोन अंकल येतो म्हणाले. तळकर अंकल आणि त्यांचे दोन मुलगे. रोहेकर ब्रदर्स तिघे. पेणकर अंकल वॉकिंग स्टिक घेऊन येतात, आणि त्यांचा जावई गाडी चालवतो. पप्पा, तुम्हाला माहीत नाही, पण ही सगळी माणसं या तीन वर्षांत आमच्याकडे येऊन जेवून गेली आहेत. प्रत्येकाने मला सांगितलं, योएलला बोलू नकोस. तुम्ही मला काउंटमधून काढलं, पण त्यांना कोणी कळवलं नाही वाटतं!

तर नऊ झाले. कॉलिन चालत नाही, श्रीकांतकाका चालत नाहीत, दोघांनी हात वर केला होता. दहावा मिळत नाही.

पोह्यांचं नक्की कळवा.

तुमची
ईवा


हॅरो,
२१ एप्रिल १९७२

चि. ईवा,

अनेक आशीर्वाद. तुला, आणि धाकट्या सिप्पोराला.

तुझं पत्र सकाळी ऑफिसला निघताना आलं. स्टेशनच्या बाकावर बसून वाचलं. नावाशी आलो आणि मला पुढचं दिसेना. दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. एका बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, मला नात झाली. मग ती बाईही शेजारी बसली आणि आम्ही दोघांनी मिळून रुमाल वापरला. ऑफिसला उशिरा पोचलो, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि कारण विचारलं तेव्हा सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

पोरी, तुझ्या लग्नाला मी आलो नाही याचं मला दुःख आहे. हे श्रीकांतने लिहायला लावलेलं नाही आणि कुठल्या गणितानेही नाही. गणिताने फक्त एवढं झालं की लपायला जागा राहिली नाही.

आता कामाचं. मी लंडनमधल्या आपल्या माणसांची गणती ठेवतो हे तुला ठाऊक आहे. तू तिच्यात नव्हतीस, कारण लेस्टर लंडनमध्ये येत नाही. एवढं साधं कारण होतं, लोक उगाच काहीतरी बोलतात. कालपासून मी गणतीचं नावच बदललं. आता ती सबंध विलायतेची आहे. एकशे बारा, तू एकशे तेरावी आणि सिप्पोरा एकशे चौदावी. त्या तळकर, रोहेकर मंडळींनी तीन वर्षं माझ्या नाकाखालून लेस्टरच्या वाऱ्या केल्या, त्यांची नावं काढून टाकायचा मला मोह झाला होता, पण मग आकडा फारच उतरला असता. जावयासाठी मी एक नवा रकाना काढलाय. त्यात सध्या कॉलिन एकटाच आहे. त्याला म्हणावं, मानाचं पान आहे, रिकाम्या हाताने बसू नकोस, भूगोलाचा नकाशा काढून ठेव. मला त्याला नवगाव दाखवायचंय.

सँडरकोमच्या पाटीचाही निकाल लागला. श्रीकांतला वाचून दाखव, तो माझी फार थट्टा करत होता. पाथरवटाने कोरलेले ११ तसेच राहणार. मी मिसेस टॉलरना लिहिलं की त्याच्यापुढे ‘पिढ्या’ असं कोरा, आणि खाली एक ओळ टाका, “मोजणी अजून चालू आहे.” त्या इतक्या खूश झाल्या की मला पाटीच्या समारंभाचं आमंत्रण आलं. एवढ्या लोकांना मारून पुन्हा जिवंत करणाऱ्याला असा मान क्वचित मिळतो.

पोह्यांचं ऐक. तीस माणसं येतील असं धर, वीस सांगून तीस येतात ही आपली रीत. पण तू ते भिजवू नकोस. पोहे पाण्यात घातले की लगेच निथळावे लागतात, नाहीतर त्यांची पेज होते, आणि तू लहानपणापासून प्रत्येक गोष्ट दोन मिनिटं जास्त ठेवतेस. तुझी आई मुठीने मोजायची हे बरोबर. पण ती मूठ मी पंचवीस वर्षं पाहिली आहे. ती माझ्याएवढी मोठी नव्हती, माझ्या पाऊण मुठीएवढी होती. तिची थाळी मी बरोबर आणतोय.

खोबरं किसून ठेव आणि गळ्याला मफलर बांध. दहावा माणूस रविवारी सकाळच्या गाडीने येतोय.

तुझा
पप्पा